राउटर रिसेट करायचा राहिला

मंगळवारी सकाळी रनाळ्यात, आमच्या घरी, माझी ऑनलाईन मीटिंग चालू होती. कंपनीची साईट उघडायला गेले तर स्क्रीनवर आलं… सर्व्हरचा पत्ता सापडला नाही. रिफ्रेश केलं, उघडली. पुढचं पान उघडलं, परत तेच.

दोन-तीन दिवस असंच चाललं. मी पुण्याच्या एका कंपनीत घरून काम करते, अजून प्रोबेशनवर आहे. मॅनेजर शांतपणे म्हणाल्या, "नेटचं जमत नसेल तर तुम्हाला पुण्यात यावं लागेल." नवरा इथे शाळेत शिक्षक, सासूबाई इथे… मी कुठे जाणार?

व्हॉट्सॲप कॉल मात्र व्यवस्थित चालायचे. मग मी एकेक तपासत बसले. आकडी पत्त्यावर पिंग केलं, म्हणजे चाचणीची हाक पाठवली, की दर वेळी उत्तर यायचं, साईटच्या नावानं पाठवली की कधी यायचं, कधी नाही. म्हणजे लाईन ठीक होती. नावावरून आकडी पत्ता शोधून देणारं डीएनएस तेवढं मध्येच गप्प बसत होतं.

लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पाहिलं तर डीएनएसचे दोन्ही पत्ते आमच्या नेटवाल्याचे नव्हतेच. कुणीतरी राउटरमध्ये हातानं टाकलेले. ऑफिसचा लॅपटॉप, त्यात काही बदलायची परवानगी नाही… जे करायचं ते राउटरमध्येच. आणि त्याचा पासवर्ड घरात कुणालाच माहीत नाही.

नेटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "रिसेट मारा मॅडम, सगळं नवीन होईल."

मी सेफ्टी पिन घेऊन राउटरच्या मागचं बारीक भोक शोधत होते. तेवढ्यात माझा धाकटा दीर भूषण शेतातून आला. पिन बघून दारातच थांबला.

"वहिनी, ते ऱ्हाऊ द्या."

मला वाटलं, राउटर बिघडेल म्हणून म्हणतोय. मी समजावायला लागले. तो खाली बसला, आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "ते मीच लायेल शे. माले ऑनलाईन पत्त्यासना, पैसा लाईसन रमी खेळाना नाद व्हता."

मग थोडं थोडं करून सांगितलं. ॲप काढून टाकायचा, परत टाकायचा. फोनमध्ये ब्लॉक लावायचा, स्वतःच काढायचा. शेवटी फोनला फक्त बोलण्याचा रिचार्ज ठेवला आणि मित्राला घरी बोलावून राउटरलाच असल्या साईट अडवणारं डीएनएस लावून घेतलं. पासवर्ड मित्रानं ठेवला, याला सांगितलाच नाही. हे सगळं माझ्या लग्नाआधीचं… घरात कुणालाच पत्ता नव्हता.

तीच फुकटची सेवा आता धड चालत नव्हती. मी रिसेट केलं असतं तर माझं काम सुरू झालं असतं, आणि याचं कुंपणही गेलं असतं.

मित्र आता सुरतला असतो. भूषणनं फोन लावून माझ्याकडे दिला. मी पासवर्ड मागितला तशी तिकडून आधी आवाज आला, "भूषण बरा शे ना?" बरा आहे म्हटल्यावर मग त्यानं पासवर्ड सांगितला.

तसंच काम करणारी दुसरी सेवा शोधली, दोन्ही पत्ते बदलले, राउटरचा पासवर्डही नवीन ठेवला, आणि तो बंद करून चालू केला. कंपनीची साईट लगेच उघडली. दहा वेळा उघडून पाहिली, दहाही वेळा उघडली.

भूषण म्हणाला, "आते ते बी देखा." मी माझा फोन त्याच्या हातात दिला. त्यानं न अडखळता एक नाव टाईप केलं. साईट उघडली नाही. आणखी एक टाकलं, तीही नाही. त्यानं फोन परत दिला आणि पाणी प्यायला आत गेला.

परत शेतात जाताना नवीन पासवर्डबद्दल म्हणाला, "तुमना जोडे ऱ्हाऊ द्या. मी मांगसू तरी देऊ नका."

आम्ही रोज एकत्र जेवतो. हा माणूस शेजारच्या खोलीत एवढी मोठी गोष्ट एकट्यानं सांभाळत होता, आणि मला तो फक्त अबोल वाटायचा… त्याच्या त्या मित्राचे मी मनापासून आभार मानते.

हे लिहू का, असं भूषणला विचारलं होतं. नाव बदलते म्हटलं, तर म्हणाला, "कसाले? मन्हंच नाव लिखा."