बैलाच्या शेपटाला धरून

आमच्या घराण्यात आकाशातून पडून मेलेला मी पहिलाच माणूस. त्याआधी कुणी तापानं गेलं, कुणी म्हातारपणानं, एक चुलत आजोबा तर आंब्यावरून पडून गेले. पण थेट ढगांतून कुणी खाली आलं नव्हतं. मी आलो. कर्जतच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, रविवारी दुपारी, पंख्याखाली, बनियनवर बसल्या जागी.

याची सुरुवात माझ्या मुलीच्या, रेवाच्या हातापासून झाली. चौक गावाजवळ ती स्कूटीवरून पडली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. नेमक्या त्याच आठवड्यात, दोन वर्षं ज्याच्यासाठी धडपडत होती ते काम तिच्याकडे चालून आलं. कॉम्प्युटरवरच्या खेळांची परीक्षणं छापणारी एक वेबसाइट आहे. त्यांनी कळवलं, राक्षस-जादूगार-तलवारी असा एक मोठा खेळ नुकताच निघालाय, तो खेळा आणि खेळताना काय काय वाटलं ते रविवारी संध्याकाळी आठच्या आत लिहून पाठवा. आवडलं तर कायमचं काम. त्या खेळात आकाशात तरंगणारा एक किल्ला आहे, त्याबद्दल मात्र लिहायलाच हवं.

"बाबा, तू माझा हात हो," रेवा म्हणाली. "मी सांगेन तेवढंच दाबायचं."

"एवढंच ना," मी म्हणालो. (सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस मी. इतक्या वर्षांत माझ्या हातून परीक्षानळ्या फुटल्या असतील त्या फक्त अकरा, आणि त्यातली एक तर मांजरानं फोडली.)

सकाळी नऊला बसलो. आधी म्हणे आपला नायक आपणच घडवायचा. त्यात माझा तास गेला, कारण मिशी मनासारखी बसेना. "बाबा, मिशी राहू दे, किल्ला लांब आहे," असं रेवा तीनदा म्हणाली. मग पडदा उजळला. अहो, काय ते डोंगर! डोंगराच्या कुशीत राहणारा माणूस मी, मला डोंगरांचं काय कौतुक? पण तिथं उतारावरून ढगाची सावली सरकत होती, ओढ्याच्या पाण्यात तळाचे गोटे दिसत होते, आणि गवताची पाती एकेकटी हलत होती. हे सगळं कुणीतरी खुर्चीत बसून केलंय, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला. मी पाच मिनिटं नुसता गवताकडे बघत उभा होतो.

खेळ नवाकोरा होता, त्यामुळे त्यातल्या चुकाही ताज्या होत्या. एक घोडा देवळाच्या शिखरावर चरत होता. खानावळवाल्याचा चेहराच आला नव्हता. दोन डोळे आणि बत्तिशी हवेत तरंगत आमचं स्वागत करत होती.

"याला बग म्हणतात," रेवा म्हणाली. "लक्ष द्यायचं नाही. पुढे चालायचं. आणि मधे मधे ते वरचं पाचवं बटण दाबत राहा, म्हणजे खेळ तिथपर्यंतचा साठून राहतो."

मी मान डोलावली. मला तर त्या खानावळवाल्याचं नवल वाटत होतं. बिचाऱ्याचा चेहरा गेलाय आणि तरी गिऱ्हाइकाला जेवणाचं विचारतोय.

अकराला अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. कशेळ्याच्या पुढं आमचं गाव, तिथं ते अजून शेती करतात. जीपमधून उतरून, वालाच्या शेंगांची पिशवी माझ्या बायकोच्या, म्हणजे वैशालीच्या हातात देऊन ते माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"कंचा गाव हाय हा?"

"गाव नाही अण्णा, खेळ आहे."

"आसंल. पन पाऊस येनार हाय तितं. वारा बग कसा फिरला."

मी हसलो. आणि दोन मिनिटांत त्या खेळात पाऊस आला की हो! रेवानं वहीतून डोकं वर काढलं (डाव्या हातानं ती टिपणं काढत होती) आणि आम्ही दोघं अण्णांकडे बघत राहिलो. अण्णांनी शांतपणे खुर्ची ओढली आणि त्या क्षणापासून खेळाची सूत्रं त्यांच्याकडे गेली.

पावसात मी नायकाला पळवत होतो, तर अण्णा ओरडले, "आरं, उभ्या पिकातनं चाललास व्हय? बांधावरनं चाल."

"आजोबा, ते पीक खोटं आहे," रेवा म्हणाली.

"खोटं आसलं म्हनून तुडवायचं?"

मी नायकाला बांधावर घेतलं. लहानपणी या विषयावर मी पुरेसा मार खाल्लेला आहे. तो बांध जेमतेम पाऊलभर रुंद, आणि माझ्या हातात माऊस म्हणजे ओला साबण. नायक दहा पावलांत चार वेळा चिखलात जायचा. जी वाट रेवानं दहा मिनिटांची सांगितली होती ती आम्ही दोन तासांत पार केली. मधे जेवलो.

तीन वाजता तो बैल दिसला. शेताच्या मधोमध पोटापर्यंत जमिनीत गेलेला. शेजारी त्याचा मालक उभ्या उभ्या पाय हलवत होता आणि आम्हाला सांगत होता, "आजचा दिवस शुभ आहे, वाटसरू."

"शुभ कसला मेल्या, बैल रुतलाय तुजा," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "काड त्याला."

"आजोबा, तो बग आहे," रेवा म्हणाली. "टेकडीच्या मागून किल्ल्याची वाट आहे आणि आपल्याकडे पाचच तास उरलेत. मला लिहायलाही वेळ हवा."

"मुकं जनावर रुतलंय, बाय. तुजा किल्ला काय पळून चाललाय?"

इथं माझं चुकलं. पुढं जायला हवं होतं. पण आमच्याकडे चिखलात जनावर रुतलं की रस्त्यानं जाणारा माणूसही पायजमा वर करून शेतात उतरतो; लग्नाला निघालेला असला तरी उतरतो. कुणाचं जनावर, हे विचारायचीसुद्धा पद्धत नाही. मी असं जनावर सोडून गेलो हे गावात कळलं तर? (कोण सांगणार होतं? अण्णा! आणखी कोण?) मी नायकाला चिखलात उतरवलं.

"पोटाखाली फळ्या घाल," अण्णा म्हणाले.

फळ्या नव्हत्या. पण सकाळपासून गोळा केलेल्या अकरा ढाली होत्या. त्या एकेक करून मी बैलाच्या पोटाखाली सारल्या. बैल ढिम्म. एव्हाना वैशालीही कणीक मळता मळता परात घेऊन बाहेर आली होती. "अहो, मागून जोर लावा ना," ती म्हणाली. मागून जोर लावला, बैल ढिम्म. साडेचार वाजले. रेवाचे डोळे भरून आले होते आणि ते मला दिसत होते, तरी माझा हात थांबेना.

"आता शेपूट धर आन पिळ," अण्णा म्हणाले.

बटण दाबून ठेवलं की नायकाची मूठ आवळते, हे एव्हाना मी शिकलो होतो. मी शेपूट पकडलं, दाबून धरलं आणि माऊस गरकन फिरवला.

पुढं जे झालं ते विज्ञानाच्या शिक्षकाला समजावून सांगता येत नाही. अकरा ढाली आणि एक बैल एकाच जागी मावेनात, म्हणून त्या खेळानं बैल सरळ आकाशात सोडून दिला! शेपटाला धरून मी त्याच्या मागं. खाली शेत लहान झालं, बांध रेघेएवढा झाला, टेकडी गेली, तीन नद्या दिसल्या, त्यांच्यापलीकडे समुद्र दिसला. सगळा मुलूख उन्हात पसरलेला. घरात कुणी श्वास घेत नव्हतं. आम्ही ढगात शिरलो, पांढरं पांढरं झालं, आणि ढगाच्या वर निघालो तर समोर तो किल्ला.

सोन्याच्या कळसांचा, बुडाखाली नुसतं आभाळ असलेला. बुरुजांवरून धबधबे खाली पडत होते आणि पडता पडता विरून जात होते. बैल थेट त्याच्या दारातच चालला होता. "बाबा," रेवा कुजबुजली, "पोचलो आपण. नुसता धरून राहा."

आता आमच्या घरची एक सवय आहे. एसटीतून जाताना लांबवर देवळाचा कळस दिसला की हातातलं काम टाकून हात जोडायचे. अण्णांनी हात जोडले. वैशालीनं कणकेचे हात जोडले. मीही जोडले, दोन्ही.

शेपूट माऊसच्या बटणात होतं.

पडायला बराच वेळ लागला. त्यातही खाली येणारा मुलूख इतका सुंदर होता की मी ओरडायचंही विसरलो. मग पडदा लाल झाला.

"बैल पोचला का?" अण्णांनी विचारलं.

"पोचला," मी म्हणालो.

"मग झालं तर."

"काही हरकत नाही," रेवा कसंबसं म्हणाली. "बाबा, मघाचं साठवलेलं उघड." उघडलं. तिथं सकाळचीच मिशी घडवण्याची पाटी होती. दिवसभर मी इमानानं सहावं बटण दाबत होतो. ते दाबलं की नायक शीळ घालायचा. मला वाटायचं, साठवलं गेल्याच्या आनंदात घालतोय.

रेवा उठून गॅलरीत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिच्या दोन वर्षांच्या धडपडीवर मी एका नमस्कारात पाणी ओतलं होतं आणि मला इतकी लाज वाटली की मी खुर्चीतून उठूच शकलो नाही.

सहा वाजता ती आत आली. डोळे पुसलेले. "बाबा, टाइप कर," म्हणाली आणि सांगायला लागली. खानावळवाल्याची बत्तिशी, अण्णांचा पाऊस, बांध, ढाली, शेपूट, काही लपवलं नाही. मी एका बोटानं टाइप करत होतो. शेवटी ती म्हणाली, "लिही. किल्ला मी आतून पाहिलेला नाही. पण तो दिसल्यावर माझ्या घरातल्या तीन मोठ्या माणसांनी आपोआप हात जोडले. या खेळात शंभर चुका असतील, पण असं घडवणाऱ्याला मीही हात जोडते, एक प्लास्टरमध्ये आहे तरी." मी टाइप करायचं थांबून तिच्याकडे बघतच राहिलो. ही पोर असं कधी शिकली, मला कळलंच नव्हतं. आठला चार मिनिटं असताना लेख गेला.

मंगळवारी उत्तर आलं. लेख फार आवडला, काम तुमचं. मात्र पन्नाशीचा विज्ञानशिक्षक हवेत असताना शेपूट सोडून हात जोडतो हे वाचकांना पटणार नाही, म्हणून लेखात 'बाबा' काढून 'सात वर्षांचा धाकटा भाऊ' असं केलं आहे. अण्णांचं एक अक्षरही बदललं नव्हतं. ते अगदी खरे वाटतात म्हणे.

लेकीचं कौतुक कुणाला नसतं? मी लेखाची प्रिंट काढून शाळेत नेली. मुख्याध्यापकांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढून डोळे पुसत हसले आणि म्हणाले, "सर, मुलगी हुशार आहे. पण धाकट्याकडे जरा लक्ष द्या. जूनमध्ये त्याला आपल्याच शाळेत घाला."

मी म्हटलं, बघतो.