दाजींचा उजवा हात

दाजी गेल्याची तार आली तेव्हा मी साताऱ्याच्या शाळेत पोरांकडून पाढे म्हणून घेत होतो. त्यांच्या छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं आटोपलं. आता महिना उलटून गेला. थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान म्हणून त्यांच्याविषयी चार चांगल्या गोष्टी लिहाव्यात म्हणून बसलो, तर त्यांच्याआधी माझीच लाज पुढं येऊन उभी राहते... म्हणून तीच लिहितो.

दाजी गुळव्या होते. सांगलीजवळच्या नदीकाठच्या गावांत गुऱ्हाळं लागली की उसाचा रस आटवायच्या काहिलीवर बोलावणं त्यांनाच. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून तो दोन बोटांत चोळायचा, आणि वळलेली गोळी बघून काहील उतरवायची की नाही ते सांगायचं. "जाळ कमी करा रं, अजून कवळा हाय," असं ते म्हणाले की कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे. अंगानं आडदांड, पण बोलणं हळू. मला मात्र भरपूर चिडवायचे. मी नवाच मास्तर झालेलो. "आमचं मास्तर झोपंतबी हजेरी घेत्यात," असं चारचौघांत सांगायचे.

एकाहत्तरच्या हंगामात ऊस तोडताना कोयता निसटला आणि त्यांचा उजवा तळवा फाटला. गावच्या डॉक्टरांनी टाके घातले. जखम भरली, पण अंगठ्याशेजारची दोन बोटं काही केल्या मिटेनात. मी सुट्टीला गेलो होतो, त्यांना घेऊन सांगली गाठली. तिथल्या डॉक्टरांनी बोटं हलवून पाहिली, आणि पुण्या-मुंबईला हाताचं काम करणारा प्लास्टिक सर्जन शोधा, उशीर मात्र करू नका, असं बजावून माझ्या हाती चिठ्ठी दिली. बाहेर येताच दाजींनी विचारलं, "मास्तर, ह्यो कसला डॉक्टर वो?"

मला ठाऊक नव्हतं. तेवढंच म्हणायचं होतं. पण आमच्या घरात सरकारी कागदापासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं मलाच विचारायची रीत होती, आणि 'माहीत नाही' हे शब्द माझ्या तोंडून तोवर कधी निघाले नव्हते. मी म्हणालो, "सिनेमातल्या लोकांची नाकं सरळ करतो तो. आपल्याला काय उपयोग त्याचा? तेल लावून चोळा, सुटतील बोटं."

"मग ऱ्हाऊ द्या," दाजी हसले. "नाक झ्याक हाय आमचं." मीही हसलो. चिठ्ठी माझ्या खिशातच राहिली.

पाच महिने ते तेल चोळत राहिले. साताऱ्यात माझ्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहायचे; लष्करी इस्पितळात त्यांची नोकरी झालेली. एकदा चहा पिताना मी सहज दाजींच्या बोटांचा आणि त्या नाकं सरळ करणाऱ्या डॉक्टरांचा विषय काढला, तर त्यांनी कप खाली ठेवला. बोटं ओढणारे आतले दोर, म्हणजे कंडरा, तुटल्या तर जोडणं, भाजून चिकटलेली बोटं सोडवणं, चरकात चेंगरलेला पंजा वाचवणं, हे सगळं त्याच डॉक्टरांचं काम असतं, असं त्यांनी समजावलं. "गुरुजी, आमच्या किती जवानांचे हात त्यांनी कामाला लावले! नाकाचं तुम्हाला सांगितलं कुणी?" मी खाली मान घालून चहा संपवला.

सुभेदारांच्याच ओळखीनं पुण्याचे एक सर्जन मिळाले. त्यांनी हात तपासून विचारलं, "इतके दिवस होता कुठं? तेव्हाच आला असता तर तुटलेली टोकं नुसती जोडता आली असती. आता ती आखडलीत. मनगटाकडची दुसरी कंडरा काढून इथं बसवावी लागेल, आणि हात पहिल्यासारखा होईल असं मी सांगत नाही."

मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "गुऱ्हाळं चालू हुती, सायेब. म्याच आलो न्हाई."

त्या पाच महिन्यांत त्यांनी एकाही काहिलीला हात लावला नव्हता. आणि मी... मी ते खोटं तसंच राहू दिलं.

ऑपरेशन झालं. बोटं अर्धी मिटू लागली. भाकरी मोडता येई, पण पाकाची गोळी काही वळता येईना. पुढं ते गुऱ्हाळावर चुलवणात जळण टाकायला बसत आणि काहील दुसराच गुळव्या उतरवी. दर भाऊबिजेला मी कबूल करायचं ठरवून जायचो आणि लाडू खाऊन परत यायचो. त्यांना काही कळलेलंच नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

तेरावं झाल्यावर आक्काजवळ मी सगळं बोललो. ती म्हणाली, "तुला काय वाटलं, त्यास्नी ठावं न्हवतं?" तिनं खुंटीवरच्या उपरण्याकडं बोट केलं. "तू येनार म्हटलं की ते आधी ह्ये उजव्या हातावर घिऊन बसायचं. म्हनायचं, हात दिसला की मास्तराचा घास आडतोय."

मेहुणा आला म्हणून दाजी उपरणं घेऊन जरा ऐटीत बसतात, असं मी इतकी वर्षं समजत होतो. निघताना आक्का म्हणाली, "घिऊन जा की ते." माझ्याच्यानं ते खुंटीवरून काढवलं नाही.