गर्भवती योगाच्या क्लासला एक्केचाळीस काका

मागच्या महिन्यात माझी अशी काही फजिती झाली, की आता हसू येतंय म्हणून सांगते... तेव्हा रडूच यायचं बाकी होतं.

शाळेतली पीटी टीचरची नोकरी सोडून मी नागपुरात बेसाला गर्भवती बायकांसाठी योगा क्लास काढला. हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल घेतला. दुकानवाले बोंद्रेभाऊच हॉलचे मालक. त्यांनी आधीच स्वच्छ सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत आठ बायका जमल्या तर हॉल तुमचा, नाहीतर अबॅकसवाले मागून राहिलेत. माझ्याकडे होत्या दोन... त्यातली एक माझी मावसबहीण.

मग मोबाइलवर जाहिरात लावायची ठरवलं. दोन व्हिडिओ बघितले. त्यातला पोरगा सांगत होता, आता वय, गाव, बाई की पुरुष, काही भरायचं नाही. सगळं एआयवर सोडायचं. जाहिरातीतले पहिले फॉर्म कोण भरतं ते बघून एआय तशीच आणखी माणसं शोधून आणतं. म्हटलं, वा! आयतं गिऱ्हाईक.

आणि इथेच मी माती खाल्ली... जाहिरातीची लिंक हौसेने खानदानाच्या ग्रुपवर टाकली.

आमच्याकडे कोणाच्या घरी कार्य निघालं की आमंत्रणाची वाट कोणी बघत नाही. सावनेरच्या माझ्या काकांनी ग्रुपवर फर्मान काढलं, की पोरीनं धंदा काढला, सगळ्यांनी फॉर्म भरा, कोणी मागं राहू नका. संध्याकाळपर्यंत काका, मामा, आत्याचे मिस्टर, झाडून सगळ्यांनी फॉर्म भरला. 'कितवा महिना सुरू आहे?' या प्रश्नाला काकांनी लिहिलं 'सप्टेंबर'. मामांनी लिहिलं, 'लागू नाही, तरी शुभेच्छा.'

एआय बिचारं काय करणार. त्याला वाटलं, हिचं गिऱ्हाईक म्हणजे साठीतले शेतकरी. दुसऱ्या दिवसापासून ते इमानदारीत तसलीच माणसं शोधायला लागलं.

घरचे सोडून तीन दिवसांत एक्केचाळीस फॉर्म आले. एकूणएक पुरुष... कोणाचा फोटो संत्र्याच्या बागेत, कोणाचा ट्रॅक्टरवर. एकाने विचारलं, गुडघ्यासाठी काही आसन आहे का.

जाहिरातीचे पैसे संपले, महिना संपत आला आणि माझं डोकंच फिरलं. काकांना फोन करून नाही नाही ते बोलले. काका एवढंच म्हणाले, की बाई, आम्ही तर चांगलंच कराले गेलो होतो. फोन ठेवल्यावर मलाच कसंतरी झालं.

नवरा म्हणाला, लोकांनी विश्वासाने नंबर दिलेत, निदान सॉरी तरी म्हण. म्हणून यादी घेऊन बसले. काका, चुकून तुम्हाला जाहिरात दिसली, माफ करा... सहा जणांना हेच ऐकवलं. सातवे होते महादेवराव. मी तेच पालुपद सुरू केलं, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"चुकून नाही ताई, मी वाचूनच भरला. माही पोरगी बाळंतपणाले माहेरी आली, सातवा लागला तिले. तिची माय मागच्या साली गेली. घरात मी एकटा... तिले काय पुसायचं, काय सांगायचं, मले कुठं समजते?"

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मग लेकीची काळजी घेणारा बाप माझं गिऱ्हाईक नाही तर कोण? आणि मी तीन दिवस या माणसांच्या नावाने बोटं मोडत बसले होते.

महादेवरावांनी दवाखाना नागपूरचा धरला होता आणि त्यासाठी बेसाला दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. योगाचं कोणी सांगितलं, विचारलं तर म्हणाले, कोणी नाही, तुमची जाहिरात दिसली.

उरलेल्या चौतीस जणांची मग मी माफी मागितलीच नाही. सरळ विचारायचे, नागपुरात लेक-सून कोणी आहे का, गोड बातमी आहे का? बहुतेकांनी नाही म्हटलं. एकाने नंबर सेव्ह करून ठेवला, पोरीचं लग्न अजून जमायचं होतं. पण महादेवरावांची लेक धरून पाच जणी मिळाल्या आणि लगेच यायलाही लागल्या.

दोन आणि पाच सात. आठवी काही मिळाली नाही. शेवटच्या दिवशी मी तोंड पाडून बोंद्रेभाऊंसमोर उभी राहिले. पण झालं होतं असं, की लेकी-सुनांना सोडायला आलेली ही मंडळी तासभर दुकानासमोरच थांबायची. शेतकरी माणूस हार्डवेअरच्या दुकानातून रिकाम्या हाताने निघतो होय? कोणी बिजागरी घेतली, कोणी फवारणी पंपाचा वॉशर. बोंद्रेभाऊ म्हणाले, सात तर सात मॅडम, अबॅकसवाल्याले मी पाहून घेतो.

माझा जीव भांड्यात पडला.

परवा क्लासमध्ये श्वासाचा सराव चालला होता. हळू घ्या... हळू सोडा... असं म्हणत मी दाराशी गेले, तर जिन्यात महादेवराव. डोळे मिटलेले, हात पोटावर, आणि आतल्या बायकांबरोबर श्वास घेत बसलेले. मला पाहून ओशाळले.

"घरी तिच्याकडून करून घ्यायचं तर आधी मले आलं पाहिजे ना, ताई."

मी आत जाऊन बायकांना विचारलं. सगळ्यांनी एका सुरात हो म्हटलं, आणि त्यांच्या लेकीने स्वतः सरकून बाजूला जागा केली.

आता माझ्या गर्भवती योगाच्या क्लासला सात बायका आणि एक बाप येतात. जाहिरातीत माझं काय काय चुकलं ते चुकू दे... इतक्या मन लावून शिकणारा विद्यार्थी मला शाळेत इतकी वर्षं काढूनही मिळाला नव्हता.