बैठं वसतिगृह

भूकंपानंतर वसलेल्या आमच्या नव्या गावात सगळे रस्ते सरळ होते, आणि म्हणूनच मी रोज वाट चुकायचे. एकसारखी घरं, एकसारखी दारं, प्रत्येक अंगणात बाजा. गाव निजायचं बाहेरच. घरात फक्त डबे, कपडे आणि देव. जुन्या गावात माळवदाची माती अंगावर कोसळून माझी थोरली बहीण गेली होती. तेव्हापासून आईनं कुठल्याच छपरावर विश्वास टाकला नाही.

मी दहावीला होते आणि मला लातूरला जायचं होतं. तिथे क्लास होते, वसतिगृहं होती. दिवसाढवळ्याही मला दिसायचं, की मी पांढरा कोट घालून एका लांबच लांब व्हरांड्यातून चालले आहे आणि व्हरांडा काही संपत नाही. आई विचारायची, "लातुरात निजशील कुटं? माडीवर? न्हाई." विषय तिथंच संपायचा.

भादव्यातल्या एका दुपारी विधानसभेचे एक उमेदवार प्रचाराला आले. कार्यकर्त्यांनी सभा नव्याकोऱ्या समाजमंदिरात ठेवली, सतरंज्या अंथरल्या, पंखे लावले. आत चिटपाखरू नाही. सगळं गाव बाहेर रणरणत्या उन्हात उभं. "गावानं बहिष्कार टाकला की हो," असं म्हणत कार्यकर्ते घाम पुसू लागले. बहिष्कार कसला, स्लॅबखाली बसायची कुणाची छातीच होत नव्हती. उमेदवार पूर्वी कॉलेजात शिकवायचे. त्यांनी एकदा वर पाहिलं, मुकाट बाहेर आले आणि लिंबाखाली मातीतच बसले.

मग एकेका प्रश्नावरची भूमिका सांगू लागले. धरणाचं पाणी आधी प्यायला, मग उसाला. शेताला वीज दिवसाची. क्लासवाल्यांच्या फीला लगाम. सोयाबीन पिवळं पडत होतं, त्यावरून वारा येत होता, आणि त्यांचा आवाज मला गुंगीत ऐकल्यासारखा लांबून येत होता.

"आणि शिकणाऱ्या मुलींसाठी लातुरात सरकारी वसतिगृह. मोफत!"

मी खडबडून जागी झाले. तेवढ्यात आई उभी राहिली. आजवर भर सभेत ती कधी बोलली नव्हती.

"किती मजली?"

"तीन मजली, अक्का!" ते अभिमानानं म्हणाले.

एकही टाळी वाजली नाही. मला आईचा असा राग आला! माझं लातूर तिनं त्या मातीत गाडलं, असंच वाटलं.

त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं, मग मागच्या रिकाम्या समाजमंदिराकडे. "बैठं बांधू," ते हळूच म्हणाले. "दारं बाहेर उघडतील अशी."

"हितं म्हणताव," आई म्हणाली. "लातुरात म्हणून दाखवा."

आणि त्यांनी खरंच म्हणून दाखवलं. मुरुडला म्हणाले, लातुरात चौकाचौकात म्हणाले, जीपवरच्या भोंग्यातून म्हणाले. क्लासमुळे जिथं वीतभर जागा सोन्याच्या भावानं जात होती आणि खोलीवर खोली चढत होती, त्या शहरात! वसतिगृह बांधायचंय की गोठा, असं विरोधकांनी विचारलं. लोक पोट धरधरून हसले. माणूस हटला नाही. निवडणुकीत पडला, तेही सडकून. ते वसतिगृह कुठंच झालं नाही.

निकाल कळला तेव्हा आई अंगणात उडीद पाखडत होती. 

"माज्या भ्यापायी हसू झालं की वो त्या मान्साचं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मग सूप खाली ठेवलं. "जून लागला की जा तू लातूरला."

मला खरं वाटेना. "अन् माडीवर खोली मिळाली तर?"

"मिळू दे. गेलेल्या लेकीपायी हाय त्या लेकीला किती दिस अंगणात निजवू?"