भिकन महाराजाची झाकली मूठ

भिकन महाराजाने जन्मात कुणाला पुरती कृती सांगितली नाही. बायका विचारायच्या, "महाराज, तुमच्यासारखी कढी आमची का होत नाही?" भिकन हात पुसत सगळं सांगायचा. ताक किती आंबट, बेसन किती, फोडणी कधी. मेथीचे दाणेसुद्धा मोजून सांगायचा. एक गोष्ट तेवढी मुठीत ठेवायचा. त्याच्या उस्तादाची शिकवणच होती ती, की आचाऱ्याने सगळं देऊन टाकलं तर उद्या त्याला चुलीजवळ कोण बोलावणार? त्यामुळे निम्म्या सुरतेत भिकनची कढी शिजत होती आणि ती कुठेच भिकनच्या कढीसारखी लागत नव्हती.

भिकन मूळचा अमळनेरकडचा, राहायला सुरतच्या लिंबायतला. दोन वर्षं कापडाच्या लूमवर कान किटवून घेतल्यावर तो एका टूरवाल्या शेठकडे रसोईला लागला. सुरतचा माणूस हिमालयात गेला तरी त्याला ताटात सुरतच लागते. म्हणून टूरबरोबर गॅसच्या टाक्या, पातेली, तेलाचे डबे आणि महाराज असं सगळंच जातं. मे आणि जून भिकनचा मुक्काम मनालीत. दर दहा दिवसांनी प्रवासी बदलायचे, चुलीमागचं तोंड तेच.

टूरचा मॅनेजर धर्मेंद्र लिंबायतचाच, भिकनच्या मागच्या गल्लीतला. शेठकडे त्याला चिकटवलाही भिकननेच. पण गळ्यात शिट्टी आणि डोक्यावर टोपी आली तशी त्याच्या तोंडातली अहिराणी पळाली. भिकनशीही तो गुजरातीत बोलायला लागला, जणू त्याच्या सात पिढ्या सुरतच्या भागळ बाजारात जरीचं दुकान थाटून बसल्या होत्या.

१९९५च्या मेमधली गोष्ट. बर्फावर नाश्ता द्यायचा म्हणून भिकनलाही वर नेलं होतं. भाड्याच्या गमबुटात पाय, हातात थेपल्यांची परात. थेपले संपले तसे धर्मेंद्रने परात बर्फावर ठेवली आणि म्हणाला, "महाराज, बेसो ने!" भिकनला वाटलं, फोटो काढायचाय. ऐंशी लोक बघत होते, तोही हसत परातीत बसला. धर्मेंद्रने मागून पाय लावला.

परात गरगरत खाली गेली. भिकन खाली पोहोचला तेव्हा त्याचा पुढचा एक दात वरच राहिला होता आणि पँट मागून उसवली होती. ऐंशी लोक पोट धरून हसले. तेही तो गिळून टाकता. पण शेठच्या भाच्याने नेमका तेव्हाच फोटो काढला होता. दिवाळीनंतर टूरचं रंगीत पत्रक निघालं, त्यात सर्वांत मोठा फोटो तोच: परातीत भिकन, पाय आभाळात, तोंड उघडं. खाली ओळ, 'बर्फाची धमाल!'

पत्रकं लिंबायतला पोहोचायला कितीसा वेळ? ती वाटायला धर्मेंद्र स्वतः गल्लीत आला होता. त्या दिवसापासून भिकनचं नाव परातवाला. किराणावाला, रिक्षावाले, नळावरची पोरं, सगळ्यांच्या तोंडी तेच. उधन्याहून मेहुणा आला, तोही पत्रक घडी करून खिशात घेऊनच.

"मग कसाले जातस तठे?" सुंदरा, त्याची बायको, म्हणाली. "इठे लूम काय कमी शेतस?"

 भिकनने मनालीहून परत आणलेली ती परात घासून भिंतीला उभी करून ठेवली, येता-जाता दिसेल अशी. काही लोक देवाचा फोटो लावतात.

पुढच्या मेमध्ये मनालीत, हॉटेलच्या मागच्या खोल्यांत एक गोरा पोरगा उतरला होता. त्याच्याजवळ माणसाएवढी लांब, टोकांना वळलेली फळी होती. दोन्ही पाय तिच्यावर आडवे बांधून तो बर्फावरून असा उतरायचा, की बघणाऱ्याला वाटावं पाणीच उतरतंय. फळीवर तो पक्का होता, पोटाने मात्र कच्चा. आठ दिवस तो खोलीत पडून होता आणि आठही दिवस भिकनने त्याला मऊ खिचडी-कढी खाऊ घातली. बरा झाल्यावर गोऱ्याने पाकीट काढलं. भिकनने पाकिटाकडे बघितलंच नाही, फळीकडे बोट दाखवलं.

गोऱ्याने आधी त्याला मागून हळूच ढकललं. भिकन सवयीने चिडला. पण सावरताना कोणता पाय पुढे पडतो, एवढंच बघायचं होतं. तोच पाय फळीवर पुढे बांधायचा. मग पंधरा दिवस, नाश्ता आटोपला की दुपारच्या स्वयंपाकापर्यंत, भिकन पडत होता. बूड ओलं, कोपरं निळी. पण प्रत्येक वेळी पडताना त्याला ते पत्रक दिसायचं आणि तो उठायचा. सोळाव्या दिवशी त्याला थांबायला आलं. फळी उताराला आडवी करायची, बसल्यासारखं व्हायचं आणि सगळा भार टाचांवर द्यायचा. टाचेत सगळी विद्या होती.

जाताना गोऱ्याने फळी त्यालाच दिली आणि एक गोष्ट सांगितली. उतार निवडताना माथा बघू नको, पायथा बघ. माणूस कुठून निघतो याला महत्त्व नाही, कुठे जाऊन पडतो याला आहे.

भिकनने ते ऐकलं आणि त्याच्या पडलेल्या दाताच्या फटीतून हसू बाहेर आलं.

फळी मनालीत ठेवावी लागली. सुरतेत बर्फ मिळतो तो उसाच्या रसात घालायचा. पण त्याचा चुलतभाऊ निंबा हजीऱ्याकडे मिठागरात होता. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी भिकन सनमायका चिकटवलेली एक फळी घेऊन तिकडे जायचा आणि मिठाच्या ढिगावरून घसरायचा. मीठ बर्फाहून चिवट आणि खरचटलेल्या जागी झोंबणारं. निंबा म्हणायचा, "भो, जखमेवर मीठ लोक चोळतात. तू तर जखम घेऊन मिठाकडे चालत येतोस."

"बरी व्हायला नको आहे अजून," भिकन म्हणायचा.

१९९७च्या मेमध्ये पहिली टूर यायच्या आधी त्याने तीन उतार पायी पालथे घातले. पहिला खाली मोकळ्या मैदानात संपत होता. तो सज्जनांसाठी. दुसरा दगडांच्या नाल्यात उतरत होता. तो त्याने सोडला. बदला हवा होता, फाशी नको. तिसरा पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांच्या तळावर संपत होता. तिथे वितळलेला बर्फ, चिखल आणि दोन महिन्यांची लीद एकजीव झाली होती. भिकनने काठी खुपसून बघितली. काठी अर्धी आत गेली, दगड कुठे लागला नाही. एखादं पीठ मनासारखं आंबलेलं बघावं तसा तो त्या लिदीकडे बघत राहिला.

टूर आली. भिकनने ऐंशी जणांसमोर फळी बांधली आणि पहिल्या उतारावरून लहरत खाली गेला. टाळ्या पडल्या. बायका "वाह महाराज, वाह!" करायला लागल्या. धर्मेंद्रचं तोंड कारल्यासारखं झालं. टाळ्या ओसरायच्या आत तो जवळ आला.

"ए, मने शिखवाड."

"तुम्हाला काय साहेब, दोन मिनिटांत येईल," भिकन तिसऱ्या उताराकडे बोट दाखवत म्हणाला. "तिकडून जा. तो उतार तुम्हाला शोभेल."

त्याने सगळं शिकवलं. गुडघे वाकवा. हात पसरा. नजर समोर. भार पुढच्या पायावर. पट्टे स्वतःच्या हाताने आवळले. कढीची कृती विचारणारा माणूस ती चुलीवरून उतरवायची कधी, हे कधीच विचारत नाही. धर्मेंद्रनेही विचारलं नाही.

तो निघाला आणि पहिली तीस पावलं खरोखर राजासारखा गेला. मग वेग वाढला. शिट्टी तोंडात होती, ती आपोआप वाजायला लागली. तिच्या आवाजाने घोडे तेवढे बाजूला झाले. पुढच्या क्षणी लिदीतून फक्त टोपी दिसत होती.

लोक असे हसले की दोन वर्षांपूर्वीचं हसू त्यापुढे खोकला वाटावा. भिकन मात्र हसला नाही. तो शेठच्या भाच्याकडे धावला. "काढला ना? फोटो काढला ना?"

"एक काढला, तो निघाला तेव्हाचा," भाचा म्हणाला. "मग रोल संपला, महाराज."

दिवाळीनंतर नवं पत्रक निघालं. परात गेली होती. तिच्या जागी धर्मेंद्र: हात पसरलेले, गुडघे वाकलेले, नजर समोर, मागे निळं आभाळ. ओळ होती, 'बर्फावर स्वारी! आमचे मॅनेजर स्वतः करून दाखवतील.' गल्लीत धर्मेंद्रची वाहवा झाली. भिकन परातवाला तो परातवालाच राहिला. दोन दिवस तो ते पत्रक उलगडून बघत राहिला. आपणच घडवला की हा, आपल्याच हाताने!

एप्रिलमधल्या एका रविवारी दारात स्कूटर थांबली. धर्मेंद्र इस्त्रीच्या पँटीत आत आला, टोपी हातात. तीन वर्षांनी त्याच्या तोंडातून अहिराणी निघाली.

"भिकनभाऊ, थांबानं कसं ते सांग ना मले. पत्रकना पायी बुकिंग फुल व्हयी गयं. शेठ म्हणस, करी दाखाड." मग खालच्या आवाजात, "तू ते सांगंच नही तव्हय."

"तू इचारं कोठे?" भिकन म्हणाला.

सुंदराने चहा आणला. भिकनने तो सावकाश पिऊ दिला. मग भिंतीची परात उचलली, बाहेर नेली आणि भर गल्लीत ठेवली.

"उभा रहा इच्यामा."

"इच्यामा? आठेच?"

"शिकनं शे का नही?"

धर्मेंद्र बूट काढून परातीत उभा राहिला. "गुडघा वाकाड. आखो वाकाड. बूड खाले. हात पसर. टाचवर दे भार." नळावरची पोरं जमली, रिक्षा थांबल्या, किराणावाला ओट्यावर आला. धर्मेंद्र तसाच, परातीत अर्धा बसलेला, घामाने निथळत. आणि नळावरून कुणीतरी पहिली आरोळी ठोकली, "ए परातवाला!"

भिकन सवयीने वळला. पण पोरं त्याच्याकडे बघत नव्हती.

टाचेची ती विद्या त्याने धर्मेंद्रला त्या दिवशी खरीखुरी दिली, पुरी दिली. तिच्यासाठी परात कशाला लागत होती, हे मात्र त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही.