तिची संध्याकाळची फेरी

माझी लेक पाच महिन्यांची असताना तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डाऊन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो, तसा तिच्याही होता. मधल्या पडद्याला भोक होतं, ते बुजवलं. आता वर्षातून एकदा दाखवायला आणा, एवढंच आम्हाला सांगितलं. जन्माच्या वेळी ऐकलेल्या सगळ्या वाक्यांमध्ये मला तेच काय ते हलकं वाटलं होतं.

तेव्हापासून आम्ही दरवर्षी डोंबिवलीहून ठाण्याला जायचो. इको व्हायचा, डॉक्टर बाई म्हणायच्या, "छान आहे," आणि आम्ही इडली खाऊन घरी यायचो. अकरा वर्षं असंच चाललं. हृदयाचा विषय संपला, असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं. काळजीला दुसरे विषय होते: बोलणं, शाळा, आमच्यानंतर काय.

बाराव्या वर्षी इको झाला, डॉक्टर "छान" म्हणाल्या, पण आम्हाला उठू दिलं नाही. त्यांनी तिला काट्यावर उभं केलं, पोटाभोवती टेप लावली, रक्त तपासायला सांगितलं, पोटाची सोनोग्राफी लिहून दिली. आठवड्याने रिपोर्ट घेऊन मी एकटीच गेले. नवरा वापीला कारखान्यात असतो, एक शनिवार सोडून येतो. मी वागळे इस्टेटमध्ये लेबलं छापणाऱ्या कंपनीत डिस्पॅच बघते. तिथून अर्धा दिवस सुट्टी घेतली.

"हृदय उत्तम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "मला काळजी रक्तवाहिन्यांची आहे."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं. या मुलांचे स्नायू सैल असतात, हालचाल कमी होते, थायरॉईडही मंद असतं, त्यामुळे वजन चटकन वाढतं. हिच्या रक्तातली चरबी वर गेलीये, यकृतावरही थोडी साठलेली दिसते. "मोठ्या माणसांना पन्नाशीच्या आसपास जे सांगते ते हिच्या बाबतीत आजच सांगावं लागतंय. घाबरायचं नाही. पण पुढच्या वर्षी बघू, असंही म्हणायचं नाही. दिवसभर काय खाते?"

मी सांगितलं. पोळी-भाजी, वरण-भात, दूध, एखादं केळं.

"आणि मधल्या वेळात?"

"मधे काही नाही."

मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं.

दोन-तीन दिवस मी तिच्या ताटाकडे बघत राहिले. त्या ताटातून एवढं वजन वाढणं शक्य नव्हतं. मग एका मंगळवारी मी कोणालाही न सांगता दुपारीच घरी आले. सासूबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. लेक शाळेच्या व्हॅनने येऊन झोपून उठली होती. पाच वाजले तशी तिने फ्रॉक बदलला, केसांवरून पाणी फिरवलं, चपला घातल्या आणि म्हणाली, "आजी, मी आली जाऊन."

"सावकाश जा गं बाय," सासूबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या.

आमची बिल्डिंग जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. ती खाली जाते, वॉचमनशी गप्पा मारते, हे मला माहीत होतं. सगळे तिच्यावर माया करतात, हे मी किती वेळा अभिमानाने सांगितलं होतं. त्या दिवशी मी एक जिना मागे राहून तिच्या पाठोपाठ उतरले.

तिने समोरची बेल वाजवली. दार उघडलं, "आली का माझी बबडी," आणि एक बेसनाचा लाडू हातावर आला. तिथेच उभ्याने तिने तो खाल्ला. गालगुच्चा झाला, दार लागलं. तिसऱ्या मजल्यावर चकल्या. त्याच्या शेजारी चहात बुडवलेली खारी, एक नाही, दोन. दुसऱ्या मजल्यावर एका घरी कोणी नव्हतं, दुसऱ्या घरी शिरा होता, वाटीत, चमच्यासकट. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने खिशातून गोळी काढून दिली. गेटबाहेरच्या किराणा दुकानदाराने तिला बघताच बरणीचं झाकण उघडलं. वॉचमनने बिस्किटाचा पुडा पुढे केला.

अर्धा-पाऊण तास ही फेरी चालली. ती इतकी खुशीत होती की मला तिला हाक मारवेना. प्रत्येक दारात कोणीतरी तिला बघून हसत होतं. दिवसभरात आणखी कुठे तिच्यासाठी इतकी माणसं हसत असतील? मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. तेव्हा आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कोणीही तिला आत बोलावलं नव्हतं. खाऊ हातावर यायचा, लाड व्हायचा, आणि दार लागायचं.

पुढच्या रविवारी मी त्याच क्रमाने सगळ्यांच्या दारात गेले. काय बोलायचं ते मी रात्रभर घोकलं होतं. मी सांगितलं की डॉक्टरांनी असं असं म्हटलंय, तेव्हा प्लीज तिला काही देऊ नका. यायचं तर येऊ दे, पण खायला नको.

"अगं, एका लाडवाने काय होतंय?" समोरच्या काकू म्हणाल्या.

एक लाडू नसतो हो, आठ घरं असतात, असं मी म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. आपण त्या आठांतले एक आहोत हे त्यांनाही कधी सुचलं नसावं.

इस्त्रीवाल्याने लगेच मान हलवली. दुकानदार म्हणाला, "ताई, ती मागते हो, मला नाही म्हणवत नाही." दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "राग मानू नकोस. पण तिला बिचारीला दुसरं सुख काय आहे? तेवढंही काढून घेतेस?"

मला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. मी "बघा, जमेल तसं" असं काहीतरी पुटपुटले आणि जिना चढले.

घरी सासूबाईंना सगळं कळलंच होतं. त्या कोकणातल्या, राजापूरकडच्या. आठ भावंडांत वाढलेल्या. घरात आलेल्या मुलाच्या हातावर काही न ठेवणं त्यांच्या लेखी पाप होतं. नातीला त्याही दुपारी तूप-साखर-पोळीचा रोल करून द्यायच्या, हे मला त्याच दिवशी कळलं.

"आई, तेही बंद करावं लागेल," मी म्हटलं.

"खाणाऱ्याचं तोंड बांधू नये," त्या म्हणाल्या. "मी माझ्या पोरांना असं वाढवलं नाही."

"तुमच्या पोरांना हे नव्हतं."

हे मी बोलायला नको होतं. त्या उठून आत गेल्या. श्रावण संपता संपता गणपतीला म्हणून गावी गेल्या. गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळी झाली, त्या परत आल्या नाहीत. फोनवर म्हणायच्या, "इथे बरं वाटतंय गुडघ्याला." दुपारच्या वेळेसाठी मी एक बाई ठेवली.

नवरा फोनवर म्हणाला, "तू जरा जास्तच करतेयस असं नाही वाटत? ऑपरेशन तर कधीच झालंय."

"हे ऑपरेशनचं नाहीये."

"मग कशाचं आहे?"

मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. तो "हं, हं" करत राहिला. त्याच्या मागे मशीनचा आवाज येत होता. शाळेतल्या दुसऱ्या आयांना सांगून बघितलं. त्यांच्याही मुलांचं वजन वाढतच होतं, पण स्पीच थेरपी, सर्टिफिकेटं, मोठं झाल्यावर काम काय, यापुढे कोणाला हा विषय नको होता. एक जण म्हणाली, "अजून एक टेन्शन नको गं देऊस." मलाही तिच्या जागी तसंच वाटलं असतं.

आणि लेक? पहिले काही दिवस ती नेहमीसारखी पाचला निघाली. दुपारच्या बाईंनी मला नंतर सांगितलं, ती बेल वाजवायची, आतून आवाज यायचा, "आज काही नाहीये गं बाळा," आणि सेफ्टी डोअरच्या जाळीआडूनच हात हलायचा. हातात द्यायला काही नसताना तिच्याशी काय बोलायचं, ते कोणाला माहीत नव्हतं. वाईट कोणीच नव्हतं. मग काहींनी बेल वाजली तरी दार उघडणं सोडलं. महिन्याभरात तिने फेरी बंद केली.

एका संध्याकाळी मी कामावरून आले तर ती तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर बसली होती, नवा फ्रॉक घालून.

"इथे काय करतेस?"

"ते रागावले," ती म्हणाली.

"कोणी रागावलं नाही राजा."

"मग दार?"

मी पर्स मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसले. एक-दोघं जण वर चढले, "काय, मायलेकी बसल्यात का," म्हणून बाजूने निघून गेले.

मी ऑफिसातली वेळ बदलून घेतली. सकाळी लवकर जायचं, पाचला घरी यायचं. रोज संध्याकाळी तिला घेऊन मैदानावर चालायला जाऊ लागले. तिला चालायला आवडायचं नाही. पाय सपाट, दम लवकर लागतो. अर्धी फेरी झाली की ती मैदानात मधोमध बसायची. मी उभी राहायची. लोक बघत बघत पुढे जायचे. काही दिवसांनी ती तिथेच नाचायला लागली. मग मी मोबाईलवर गाणं लावायची, आणि तोच व्यायाम म्हणून धरायची. माझंही वजन उतरलं. ऑफिसात एक-दोघींनी विचारलं, डाएट कोणतं करतेस. मी हसले.

त्या थंडीत तिसऱ्या मजल्यावर एक जोडपं भाड्याने राहायला आलं. त्यातली बायको, वयाने मुलगीच, घरूनच कॉम्प्युटरवर काम करायची. तिला या बिल्डिंगचं मागचं काहीच ठाऊक नव्हतं. जिन्यावर बसलेल्या माझ्या लेकीला ती म्हणाली, "गार आहे इथे, आत ये ना. कॅरम येतो का तुला?"

येत नव्हता. तिने शिकवला. आता आठवड्यातून दोन-तीनदा लेक तिथे जाते आणि येऊन मला सांगते, "मी राणी घेतली." घेते की नाही मला माहीत नाही. मी अजून त्या घरात आत गेलेले नाही. दारातून "थँक यू हं" म्हणते आणि तिला घेऊन वर येते. ती मुलगी म्हणते, "काकू, या की बसायला." इतके महिने एकटीने चालवल्यावर कोणाच्या घरात बसून काय बोलायचं, तेच विसरल्यासारखं झालंय.

फेब्रुवारीत पुन्हा रक्त तपासलं. चरबीचा आकडा खाली आला होता. पूर्ण नाही, पण आला होता. वजन तेवढंच, उंची थोडी वाढलेली. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि म्हणाल्या, "तुम्ही खूप केलंत." मला वाटलं होतं की मी रडेन. रडले नाही. लेकीचा हात धरून बाहेर आले, टेंभी नाक्यापर्यंत चालत गेलो आणि तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. मला हे कोणाला तरी सांगायचं होतं. नवऱ्याला फोन लावला, तो शिफ्टमध्ये होता. फोनमधली नावं वर-खाली केली. एक आकडा खाली आला, याचा आनंद ज्याला समजावून सांगावा लागणार नाही असं माणूस त्यात सापडेना.

शेवटी सासूबाईंना लावला.

"आई, रिपोर्ट चांगला आला."

"बरं झालं हो," त्या म्हणाल्या. "मग काय गं," त्यांनी विचारलं, "एवढी वर्षं मी तिचं वाईटच करत होते का?"

इतके महिने माझ्या मनात त्यांच्याविषयी जे साचलं होतं, त्यातून उत्तर तयारच होतं. ते तोंडाशी आलं नाही.

"नाही आई," मी म्हटलं. "आपल्याला कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं."

"तू तरी शोधून काढलंस."

"उशिराच काढलं."

लेकीने फोन ओढून घेतला आणि आजीला कॅरमचं सांगत बसली. तिचं निम्मं बोलणं फोनवर कळत नाही. सासूबाई मात्र पलीकडून "हो का, हो का" म्हणत होत्या.

शिमगा आटोपून त्या आल्या. सोबत कोकम, कुळीथ आणि नाचणीचं पीठ. सकाळी उठून त्यांनी स्वतःच भाकरी थापल्या. रात्री लेकीचं पान वाढायला घेतलं, पळीभर भात ताटात घातला, दुसरी पळी उचलली आणि तशीच हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"एवढा चालेल का गं तिला?"

या बाईने आयुष्यात कोणाला वाढताना कधी परवानगी मागितली नसेल. मी बघितलं, अर्धी पळी होती. मी म्हटलं, "चालेल आई. घाला." त्यांनी भात घातला, वरण घातलं, आणि तुपाचं भांडं न उघडताच बाजूला सारलं. लेक जेवायला लागली. आम्ही दोघी तिच्या समोर बसून राहिलो.