गॉलवेला, जुन्या इंग्रजीसाठी

२०११च्या एप्रिलमध्ये मी एकटीच गॉलवेला निघाले, तेव्हा डब्लिनच्या ओंगार वस्तीतल्या प्रत्येक मराठी घरात त्यावर मत तयार होतं. माझा नवरा मिलिंद चेरीवूडला सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याच्या व्हिसावर मी आयर्लंडला आले. पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, इथे नुसती घरी. आणि आता मला मध्ययुगीन इंग्रजी कवितेत एम.ए. करायचं होतं. त्याचीच गॉलवेच्या विद्यापीठात मुलाखत होती.

"ती इंग्रजी आता इंग्रजांनाही कळत नाही," मिलिंद दारात म्हणाला.

"मग बरंच आहे. सगळ्यांची सुरुवात एकाच ठिकाणाहून."

अथलोनला आगगाडीने शॅनन नदी ओलांडली आणि दगडी बांध सुरू झाले. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड आणि मधे ओल्या मेंढ्या. समोरच्या सीटवरच्या आजोबांनी, इथे भारतीय बाई दिसली की विचारतात तसं, विचारलं, "नर्स आहात का?"

"नाही. जुनी कविता शिकायला चाललेय."

ते मग म्हणाले, "फेअर प्ले टू यू." (म्हणजे शाब्बास!) दिवसातली पहिली शाबासकी.

गॉलवेत पाऊस आडवा पडतो. स्टेशनबाहेरच छत्री उलटी झाली, ती तिथेच कचऱ्यात टाकली. भिजलेल्या बुटांनी एका खानावळीत शिरून चाउडर (माशांचं दुधातलं दाट सूप) मागवलं. तिखटाचा पत्ता नव्हता, तरी जाड तपकिरी पावाने वाडगं पुसून खाल्लं.

विद्यापीठात पांढऱ्या केसांच्या प्राध्यापक बाई होत्या. माझे कागद चाळून म्हणाल्या, "आमच्याकडे भारतीय लेखकांचं इंग्रजी साहित्यही शिकवतात. तुम्हाला ते जवळचं वाटेल."

आवाज इतका प्रेमळ होता, की राग यायला जरा उशीरच झाला.

"जवळचंच वाचायचं असतं तर घरीच बसले असते," मी म्हणाले.

त्यांनी एक झेरॉक्स पुढे सरकवली. "वाचा."

कोणा निनावी कवीची, एका सरदाराची गोष्ट होती. मी मराठी शाळेतली. कॉलेजात ‘नाइट’ (सरदार) हा शब्द स्पेलिंगप्रमाणे ‘क्नाइट’ वाचला, तेव्हा सगळा वर्ग हसला होता. त्या दिवसापासून तो ‘क’ मी गिळत आले. पण या कवितेच्या काळात लोक तो उच्चारतच होते! मी तो खणखणीत म्हटला. शब्दाशब्दांतला ‘र’ही ठासून उच्चारला.

स्वर मात्र चुकले. बाईंनी थांबवलं, म्हणून दाखवलं. पुन्हा वाचलं, पुन्हा थांबवलं. मी पान खाली ठेवलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"इथली मुलं तो ‘क’ म्हणायला लाजतात," त्या म्हणाल्या.

"मीही लाजायचे. आता नाही."

त्या हसल्या. "सप्टेंबरमध्ये या."

संध्याकाळी मिलिंद आमच्या सईला घेऊन डब्लिनच्या स्टेशनवर गाडी घेऊन आला होता.

"डिड यू गेट इट, आई?" सईने आयरिश हेल काढून विचारलं.

"मिळालं!"

"आठवड्यातून दोन दिवस गॉलवे?" मिलिंद म्हणाला. "सईला शाळेतून कोण आणणार?"

"तू."

"ऑफिसात काय सांगू?"

"सांग, बायको शिकते."

त्याने गाडी सुरू केली. मग म्हणाला, "बरं. सांगतो."

याने नोकरी मिळेल का, असं ओंगारमध्ये अजून विचारतात. मिळेल किंवा नाही मिळणार. मी त्यासाठी जात नाही. या देशात मी कोणाच्या तरी मागून आले. गॉलवेला मात्र माझी मी गेले, आणि पुन्हा जाणार आहे.